मेंदूचं सूप आणि जाणिवेचा पत्ता

मेंदूत दहा हजार कोटी चेतापेशी असतात, असं वर्षानुवर्षं छापलं जायचं. मोजल्या कुणी, हे फारसं कुणी विचारत नव्हतं. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हाउझेल यांनी विचारलं आणि चक्क मेंदूचं सूप केलं. मृत व्यक्तींचे मेंदू साबणासारख्या द्रावणात घोटले की पेशींची आवरणं विरघळतात, केंद्रकं शाबूत राहतात. ती रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. २००९ साली त्यांचा आकडा आला: सरासरी ८,६०० कोटी.

बेरजेपेक्षा वाटणी जास्त चक्रावणारी होती. त्यातल्या सुमारे ६,९०० कोटी पेशी एकट्या लहान मेंदूत, म्हणजे अनुमस्तिष्कात निघाल्या. वजनाने हा भाग अख्ख्या मेंदूच्या जेमतेम दहा टक्के! मोठ्या मेंदूच्या सुरकुत्यांच्या थराला मिळाल्या १,६०० कोटी.

मग हा लहान मेंदू नसेल, तर जाणीव, म्हणजे आतून ‘काहीतरी वाटणं’, नाहीसं होईल का? २०१४ साली चिनी डॉक्टरांनी २४ वर्षांच्या एका महिलेची नोंद प्रसिद्ध केली. चक्कर आणि मळमळ होते म्हणून ती दवाखान्यात आली होती. स्कॅन पाहिला तर लहान मेंदूच्या जागी नुसता द्रव. ती चालायला लागली सातव्या वर्षी, बोलणंही उशिरा आलं, पावलं कायम डळमळती. पण संसार होता, मुलगी होती, आणि आपल्याला काय होतंय हे ती स्वतः सांगत होती. याउलट, मेंदूच्या देठात मोक्याच्या ठिकाणी छोटासा रक्तस्राव झाला तरी माणूस कोमात जातो.

जाणीव येते कुठून, याला ‘मेंदू फार गुंतागुंतीचा आहे, म्हणून ती निर्माण होते’ हे उत्तर मला म्हणूनच पटत नाही. लहान मेंदू काही साधा नाही. तबल्यावर बोट नेमकं कधी पडावं, याचा क्षणाच्या बारीक अंशाचा हिशेब तोच सांभाळतो. मात्र त्या हिशेबाचा आपल्याला पत्ताही लागत नाही.

इटालियन शास्त्रज्ञ जुलिओ टोनोनी यांच्या मते फरक जोडणीत आहे. लहान मेंदूचं काम कचेरीतल्या खिडक्यांसारखं चालतं: आपापला कागद घ्यायचा, शिक्का मारून पुढे ढकलायचा, शेजारच्या खिडकीशी संबंध नाही. मोठ्या मेंदूत मात्र चाळीसारखा प्रकार. एका घरातली बातमी दहा घरांत फिरते आणि तिखटमीठ लागून पहिल्या घरी परत येते. अशा परतणाऱ्या, एकमेकांत गुंतलेल्या संदेशांतूनच जाणीव उभी राहते, असं टोनोनी म्हणतात. २०२३ मध्ये १२४ अभ्यासकांनी सह्या करून या सिद्धांताला छद्मविज्ञान म्हटलं. ते जरा जास्तच झालं, पण मूळ प्रश्न शिल्लक राहतोच. बातमी फिरली हे कळलं, तरी ती फिरताना आतून ‘काहीतरी वाटतं’ ते का?

याच सिद्धांताचे पाठीराखे, मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी १९९८ मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी पैज लावली होती. जाणिवेची मेंदूतली खूण पंचवीस वर्षांत स्पष्टपणे सापडेल, असा त्यांचा दावा होता. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी हार कबूल केली, वाईनच्या बाटल्या दिल्या आणि तीच पैज आणखी पंचवीस वर्षांसाठी लावायची तयारी दाखवली. निकालाच्या वेळी कॉख नव्वदी ओलांडलेले असतील.