थकवा मोजायचा कसा? कामगारांच्या प्रश्नावलीमागचा इतिहास

कोकणातून मुंबईला गेलेला चाकरमानी गिरणीत शिरला, तेव्हा थकवा मोजायचं एकच साधन होतं: घड्याळ. तेही मालकाचं. 1884 साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. त्यात रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मागितली होती. रविवार मिळाला तो 1890 मध्ये.

त्याच सुमारास इटलीत शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो बोटाला वजन बांधून ते पुन्हा पुन्हा उचलायला लावायचे आणि स्नायू कसा ढेपाळतो त्याचा आलेख काढायचे. बोटाचा थकवा मोजता आला, माणसाचा नाही. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतली उत्पादनघट बघून ब्रिटनने 1918 मध्ये औद्योगिक थकव्यासाठी संशोधन मंडळच नेमलं. पण 1921 मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड मशियो यांनी थकव्याची चाचणी शोधण्याचा नादच सोडा, असा सल्ला दिला. सल्ला कोणी फारसा मानला नाही. वाट मात्र बदलली आणि यंत्राऐवजी कामगारालाच विचारायला सुरुवात झाली. जपानमध्ये तर तीस लक्षणांची यादीच तयार झाली.

आज कामगारांच्या अभ्यासात बरीच वापरली जाणारी वीस विधानांची डच प्रश्नावली 1994 ची. ती मुळात दीर्घ थकव्याच्या रुग्णांसाठी केलेली होती. ‘मला थकल्यासारखं वाटतं’, ‘विचार करायला कष्ट पडतात’ अशी विधानं, गेल्या दोन आठवड्यांचा विचार करून प्रत्येकाला एक ते सात गुण. एकूण 20 ते 140. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टच्या संशोधकांनी 1998 पासून सुमारे बारा हजार नोकरदारांवर ती वापरली आणि 76 च्या वर गेला तो दीर्घ थकव्याचा, अशी रेघ ठरवली. दीर्घ म्हणजे साधारण महिनाभर टिकलेला. रात्रीच्या झोपेने उतरतो तो यात धरत नाहीत.

आता ही यादी मराठीत आणून वेंगुर्ल्याकडच्या काजू कारखान्यात नेली, असं धरू. एकाने भाषांतर करायचं, दुसऱ्याने मूळ न बघता ते उलट फिरवायचं, मग दोन्ही ताडून बघायची, ही पद्धत 1970 पासून रूढ आहे. तीही इथे पुरेल असं वाटत नाही. हाताला चिकापासून बचाव म्हणून तेल फासलेलं, एका पायाने दांडा दाबत बी फोडायचं काम, आणि मजुरी किलोवर. अशा बाईला विधान वाचून दाखवलं: ‘मी दिवसभरात बरंच काम करते.’ ती म्हणणार, “करूकच व्हया, नायतर पैशे कोण देतलो?” या उत्तराने तिचा थकव्याचा गुण कमी होतो! कारण मूळ यादीत भरपूर काम हे तरतरीचं लक्षण आहे. पगारी नोकराला ते लागू पडत असेल. किलोवर राबणारीला नाही, कारण थकली तरी ती हात आवरू शकत नाही. अशी विधानं यादीत तीनच आहेत, पण त्यांचे गुण 3 पासून 21 पर्यंत जातात, म्हणजे एकूण गुणांत 18 पर्यंत फरक पडतो. ती वगळावीत असं मी म्हणणार नाही. त्यांचे गुण वेगळे मांडावेत आणि शेजारी मजुरीची पद्धत लिहावी, एवढं मात्र हवंच.

हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या खलाशाची अडचण वेगळी, ती हंगामाची. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्यामुळे ‘गेले दोन आठवडे’ मे महिन्यात विचारले तर एक माणूस उत्तर देतो, जुलैत विचारले तर दुसराच. आंब्याच्या बागेतही एप्रिल-मे आणि श्रावण यांत तेवढंच अंतर. म्हणून त्याच माणसांना निदान दोनदा, हंगामात आणि बंदीत, विचारायला हवं. बंदीच्या दुसऱ्या महिन्यातही गुण खाली आले नाहीत, तर तो दीर्घ थकवा म्हणता येईल. आणि 76 ची रेघ? ती डच नोकरदारांवरून काढलेली आहे. इथली रेघ इथल्याच माणसांवरून काढावी लागेल: नक्की थकलेले म्हणून ओळखले जाणारे आणि धडधाकट, असे दोन गट आधी शोधायचे, त्यांचे गुण कुठे वेगळे होतात ते बघायचं, आणि मगच उरलेल्यांकडे प्रश्नावली घेऊन जायचं.