एफटीके इमेजर घ्यावं की ऑटोप्सी? दोन्ही घ्या

कॉम्प्युटरमधला डिजिटल पुरावा तपासणारी छोटी लॅब काढणारा जो तो हेच विचारतो: एफटीके इमेजर आणि ऑटोप्सी ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, मग चांगलं कोणतं? अहो, दोघांची कामंच वेगळी. इमेजर डिस्कची इमेज म्हणजे हुबेहूब नक्कल काढतं, ऑटोप्सी त्या इमेजची झडती घेतं. ब्राउझर हिस्टरी, कीवर्ड, ईमेल, टाइमलाइन हे सगळं ऑटोप्सीकडे. इमेजरमध्ये फोल्डर उघडतात, डिलीट झालेल्या फायलींवर लाल फुली दिसते, एवढ्यावरून तपासही तिथेच उरकेल असं समजू नका. आणि एफटीके इमेजर म्हणजे एफटीके नव्हे. नुसतं एफटीके हे एक्स्टेरो कंपनीचं विकतचं पॅकेज आहे, त्याच्या किमतीत छोट्या लॅबने पडूच नये.

खरा घोळ इमेजरच्या पहिल्याच खिडकीत होतो. 'क्रिएट डिस्क इमेज' दाबलं की ते विचारतं: फिजिकल ड्राइव्ह (अख्खी डिस्क), लॉजिकल ड्राइव्ह (C: सारखा एक भाग) की कंटेंट्स ऑफ अ फोल्डर (फक्त फोल्डरमधल्या फायली)? घाईत असलेला माणूस फोल्डर निवडतो, कारण लवकर होतं आणि जागा कमी लागते. हाती येते एडी१ फाइल. ती ऑटोप्सी उघडत नाही. मग इमेजरमधूनच फायली बाहेर काढायच्या, 'लॉजिकल फाइल्स' म्हणून ऑटोप्सीला द्यायच्या आणि फोटोरेक कार्व्हर, म्हणजे उडवलेल्या फायली शोधणारं ऑटोप्सीतलं मॉड्यूल, चालवायचा. निकाल शून्य. अकाउंटंटने उडवलेली एक्सेल शीट काही सापडत नाही आणि शिव्या खातं बिचारं ऑटोप्सी! अहो, कार्व्हर अनअ‍ॅलोकेटेड, म्हणजे कुठल्याच फाइलच्या नावावर नसलेल्या जागेत शोधतो, ती जागा तुम्ही उचललीच नाहीत. नुसत्या फायली नेल्या की डिस्कवरची मोकळी दिसणारी जागा मागेच राहते, आणि उडवलेलं बहुधा तिथेच असतं.

म्हणून फिजिकल ड्राइव्ह, ई०१ हा इमेज फाइलचा फॉरमॅट आणि नक्कल पडताळणाऱ्या 'व्हेरिफाय' वर टिक. अपवाद एकच: बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) लावलेला लॅपटॉप चालू अवस्थेत मिळाला आणि रिकव्हरी की नसेल, तर बंद करण्याआधी लॉजिकल ड्राइव्हची इमेज घ्या. एसएसडी असेल तर ट्रिममुळे, म्हणजे उडवलेल्या डेटाची जागा साफ करणाऱ्या सोयीमुळे, फिजिकल इमेजमध्येही उडवलेलं मिळेलच असं नाही, हे अशिलाला आधीच सांगून ठेवा.

इमेजर ई०१चे १५०० एमबीचे तुकडे पाडतं. ऑटोप्सीला पहिला तुकडा दाखवला की पुढचे ते आपोआप घेतं.

हॅशचाही असाच घोळ होतो. हॅश म्हणजे डेटावरून काढलेला ठशासारखा आकडा, डेटा बदलला की तोही बदलतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. इमेजरच्या टेक्स्ट फाइलमधला एमडी५ आणि एसएचए१ हा डिस्कवरच्या डेटाचा असतो. ई०१ फाइलवर दुसरं टूल चालवून काढलेला हॅश वेगळाच येणार, कारण त्या फाइलमध्ये कॉम्प्रेशन आणि केसची माहितीही असते. तो आकडा बघून 'पुराव्यात छेडछाड' म्हणून ओरडणारे पाहिले की डोकं फिरतं.

ऑटोप्सीत 'लोकल डिस्क' जोडून थेट मूळ डिस्कवर काम करता येतं. येतं म्हणून करू नका. सॉफ्टवेअरचे वाचलेले पैसे हार्डवेअर राइट ब्लॉकर (मूळ डिस्कवर काही लिहिलं जाऊ न देणारं उपकरण) आणि मोठ्या हार्ड डिस्कवर घाला. विकतच्या पॅकेजची क्रॅक कॉपी तर लॅबमध्ये आणूच नका: उलटतपासणीत वकिलाने लायसन्स मागितलं, तर दाखवणार काय?