एक्टिनॅसायडिन-७४३: नावातल्या आकड्याची पार्श्वभूमी

कॅरिबियन समुद्रात खारफुटीच्या मुळांना लगडून वाढणारा एक्टिनॅसायडिया टर्बिनाटा हा ट्युनिकेट, म्हणजे एका जागी चिकटून राहणारा पिशवीसारखा समुद्री प्राणी. त्याच्या अर्कात कर्करोगाच्या पेशींना रोखणारं काहीतरी आहे, हे १९६९ मध्येच दिसलं होतं. ते नेमकं काय, हे कळायला मात्र १९९० उजाडलं. केनेथ राइनहार्ट आणि ॲमी राइट यांच्या गटांनी त्या वर्षी स्वतंत्रपणे या रेणूची, म्हणजे एक्टिनॅसायडिन-७४३ची, रचना मांडली. हाच रेणू पुढे ट्रॅबेक्टेडिन या नावाने कर्करोगाचं औषध झाला.

नावातला ७४३ थोडा फसवा आहे. रेणूचं वस्तुमान ७६१, पण मास स्पेक्ट्रममध्ये (रेणूचं वस्तुमान मोजणाऱ्या चाचणीत) एक पाण्याचा रेणू (१८) निसटतो आणि उरतात ७४३. हे पाणी जातं ते सी-२१ या कार्बनवरून. तिथे हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट) आणि नायट्रोजन शेजारी-शेजारी आहेत. हायड्रॉक्सिल निघालं की इमिनियम, म्हणजे धनभारित आणि चटकन अभिक्रिया करणारा कार्बन-नायट्रोजन जोड, तयार होतो आणि डीएनएच्या अरुंद खोबणीतला ग्वानिन हा घटक त्याला जोडला जातो. औषधाचा गुण याच जागेत, आणि रसायनज्ञाची डोकेदुखीही इथेच.

दुसरी अडचण पुरवठ्याची. एक टन ट्युनिकेटमागे जेमतेम १ ग्रॅम. मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १.५ मिलिग्रॅम धरली, तरी एका टनातून सुमारे ४०० मात्रा निघतील. समुद्र खरवडून औषध पुरवणं शक्यच नव्हतं.

१९९६ मध्ये रसायनज्ञ ई. जे. कोरी यांच्या गटाने संपूर्ण संश्लेषण केलं, म्हणजे साध्या रसायनांपासून हा रेणू प्रयोगशाळेत बांधला. सी-२१ची जागा नाइट्राइलने (सायनाइड गटाने) झाकायची, दहा अणूंचं गंधकयुक्त वलय मिटवायचं, आणि अगदी शेवटी जलीय ॲसिटोनाइट्राइलमध्ये सिल्व्हर नायट्रेटने सायनाइड काढून हायड्रॉक्सिल बसवायचं. सायनाइड आधीच काढलं तर हा हळवा गट पुढच्या अभिक्रियांत टिकत नाही. झाकलेल्या रूपाचं वस्तुमान ७७०, म्हणजे ७४३ अधिक एचसीएनचे २७. प्राण्यातून असे अल्कलॉइड (नायट्रोजनयुक्त रेणू) काढतानाही हीच युक्ती वापरतात: ऊतक वाटतानाच पोटॅशियम सायनाइड घालून रेणू स्थिर करायचा. अर्थात फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वायू बाहेर खेचणाऱ्या कपाटात. माध्यम आम्लीकडे झुकलं की विषारी वायू सुटतो.

ग्रॅमच्या पुढे जायला मात्र कोरींचा मार्ग लांबच होता. २००० मध्ये फार्मामार या औषध कंपनीच्या रसायनज्ञांनी स्यूडोमोनास फ्लुरोसेन्स या जिवाणूच्या किण्वनातून मिळणाऱ्या सॅफ्रासिन बी-पासून, म्हणजे त्याच्या सायनो रूपापासून, अर्धसंश्लेषण जमवलं. पाच वलयांचा सांगाडा जिवाणूच बांधून देतो. ट्रॅबेक्टेडिनला २००७ मध्ये युरोपात आणि २०१५ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली, ती याच वाटेने बनवलेल्या औषधाला.

गंमत म्हणजे ट्युनिकेटही हा रेणू स्वतः बनवत नसावा. २०११ मधल्या जनुकीय अभ्यासाने बोट दाखवलं ते त्याच्या अंगात राहणाऱ्या एका सहजीवी जिवाणूकडे, जो प्रयोगशाळेत वाढवता आलेला नव्हता.