फेज डिस्टॉर्शन : फिल्टर वगळून तयार झालेला आवाज

धान कापणीनंतर वडशाच्या नाटक कंपन्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, फिरू लागतात. त्यांची गाणी, खंजिरी भजनांचं रेकॉर्डिंग, धुमालचे (मिरवणुकीत गाडीवर वाजणाऱ्या बँडचे) नवे तुकडे ही कामं आता गावातल्या जुन्या लॅपटॉपवरही होतात. त्यावर ‘डिजिट्स’सारखा मोफत फेज डिस्टॉर्शन सिंथ (तरंग वाकवून आवाज घडवणारं सॉफ्टवेअर वाद्य) टाकला की बहुतेक जण आधी वरचे सूर कापणाऱ्या फिल्टरचा कटऑफ (कापण्याची मर्यादा) शोधतात. या पद्धतीत आवाजाची धार मात्र दुसरीकडेच असते, आणि त्याचं कारण १९८० च्या दशकात सापडतं.

स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्ये एफएम संश्लेषण (एका तरंगाने दुसऱ्याची वारंवारता हलवून आवाज घडवणं) सापडलं. यामाहाने त्याचा परवाना घेतला आणि १९८३ मध्ये डीएक्स-७ हा सिंथ बाजारात आणला. सहा ऑपरेटर (तरंग देणारे घटक), ३२ अल्गोरिदम (त्यांच्या जोडण्या), किंमत सुमारे २,००० डॉलर. आवाज लखलखीत, पण स्वतःचा आवाज त्यात घडवणं अवघड. कॅसिओने वेगळी वाट धरली. जपानी संगीतकार इसाओ टोमिटा यांच्यासाठी बनवलेल्या कॉस्मो यंत्रणेवरून अभियंता मार्क फुकुदा यांनी फेज डिस्टॉर्शनची पद्धत पुढे नेली आणि १९८४ मध्ये सीझेड-१०१ हा सिंथ आला. ४९ छोट्या पट्ट्या, बॅटरीवर चालणारा, किंमत ५०० डॉलरच्या आत. अॅनालॉग फिल्टरचा खर्चच त्यांनी वगळला होता.

फिल्टरचं काम कोण करतं, हे कळलं की अर्धी लढाई संपते. चिपमध्ये कोसाइन तरंगाचा तक्ता साठवलेला असतो. तो एकसारख्या वेगाने वाचला तर साधा, गोल आवाज येतो. धुऱ्यावरून शेताची फेरी अर्धी पळत आणि अर्धी रमतगमत, पण ठरल्या वेळेतच पूर्ण करावी, तसा हा तक्ता वाचला की तोच तरंग करवती होतो. फेरीचा वेळ तोच, म्हणून सूर हलत नाही. फक्त हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) वाढतात. वाचनाचा वेग किती वाकवायचा हे डीसीडब्ल्यू नावाचा नियंत्रक ठरवतो. शून्यावर कोसाइन, टोकाला पूर्ण तरंग. डीएक्स-७ मध्ये ऑपरेटरचं गुणोत्तर चुकलं की आवाज बेसूर घंटेसारखा होतो. इथे वाकवणारी क्रिया मूळ तरंगाच्याच चालीने होत असल्याने एका लाइनमधून (सीझेडमध्ये आवाज घडवणाऱ्या अशा दोन साखळ्या असतात) तसं होतच नाही. घंटेचा आवाज हवा असेल तर दोन लाइनचा गुणाकार करणारं रिंग मॉड्युलेशन लावावं लागतं.

आठ तरंगरूपांपैकी तीन ‘रेझोनन्स’ ही खरी करामत. एका फेरीत जास्त वेगाचा कोसाइन चालवायचा आणि फेरी संपताना त्याची पातळी शून्यावर आणायची. फिल्टर नसताना फिल्टरची शिट्टी ऐकू येते! मात्र सिंथमध्ये ओव्हरसॅम्पलिंग (आतला हिशेब जास्त नमुना-दराने करणं) नसेल तर वरच्या सप्तकात ती किरकिरते. त्यासाठी डीसीडब्ल्यूचा की फॉलो वाढवायचा, म्हणजे वरच्या पट्ट्यांवर धार आपोआप कमी होते.

सीझेडचे एन्व्हलप (आवाज वेळेनुसार कसा बदलेल ते ठरवणारे आराखडे) आठ टप्प्यांचे असत आणि प्रत्येक टप्प्याला वेळेऐवजी दर दिलेला असे. त्यामुळे पातळी बदलली की टप्प्याचा वेळही बदलतो. सीझेडच्या जुन्या आवाजांचे आकडे नव्या सिंथमध्ये उतरवताना सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. दोन्ही लाइन वापरल्या तर सीझेड-१०१ वर एका वेळी चारच सूर वाजत, नवा सूर जुन्याला तोडत असे, म्हणून जुन्या आवाजांचे लांब रिलीज (पट्टी सोडल्यावर रेंगाळणारा भाग) तिथे खपून जात. सॉफ्टवेअरमध्ये सूर तुटत नाहीत आणि चिखल होतो. रिलीज निम्म्यावर आणा.

धुमालच्या बेससाठी करवती तरंग घ्या. डीसीडब्ल्यू सुरुवातीला पूर्ण, मग सुमारे १५० मिलिसेकंदांत ३० टक्क्यांवर. दुसरी लाइन ७ सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) सरकवण्याचा मोह इथे टाळा : ५५ हर्ट्झच्या सुरावर दोन्ही लाइन दर साडेचार सेकंदांनी एकमेकींना खातात आणि गाडीवरच्या स्पीकरचा दम जातो. भजनामागच्या पॅडला (मागे लांबत राहणाऱ्या सुरांना) मात्र हेच सरकवणं शोभतं. तिथे डीसीडब्ल्यू ४० टक्क्यांखाली ठेवा, नाहीतर खंजिरीच्या झांजा झाकल्या जातात.

हार्मोनियमशी सूर जुळवणं विसरू नका. पेटीचा ‘ए’ सूर नेहमीच्या ४४० ऐवजी ४४५ हर्ट्झवर असेल तर सिंथ सुमारे २० सेंट वर घ्यावा लागतो.

व्हीएसटी (संगीत सॉफ्टवेअरला प्लगइन जोडण्याचं तंत्र) १९९६ मध्ये आलं, वाद्यांसाठी ते १९९९ मध्ये खुलं झालं. जुने मोफत प्लगइन पुष्कळदा ३२ बिटचेच असतात, त्यामुळे ६४ बिटच्या सॉफ्टवेअरच्या यादीत दिसत नाहीत. ६४ बिटची आवृत्ती शोधा किंवा ब्रिज (दोघांना जोडणारं मधलं सॉफ्टवेअर) वापरा. बफर (एका वेळी हाताळायच्या आवाजाच्या नमुन्यांची संख्या) २५६ ठेवला तर ४४.१ किलोहर्ट्झला एका बफरचा उशीर जवळपास ६ मिलिसेकंद होतो. वाजवायला तो चालतो. अडॅप्टर लावल्यावर मिक्सरमधून घरघर येत असेल तर लॅपटॉप बॅटरीवर चालवा आणि पॉवर सेटिंग पूर्ण क्षमतेवर ठेवा, नाहीतर प्रोसेसर मंदावून आवाज तडतडतो.