ठोक्यांमधील अंतर आणि मनाचा ताण : एका मोजमापाची पार्श्वभूमी

मनगटी घड्याळ दाखवते तो ताणाचा आकडा प्रामुख्याने हृदयाच्या लागोपाठच्या ठोक्यांमधील अंतर किती कमीअधिक होते, यावरून काढलेला असतो. या मोजणीचा उगम मात्र मानसशास्त्रात नाही. श्वास घेताना नाडी जलद होते आणि सोडताना मंदावते, याची नोंद जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांत केली. विसाव्या शतकाच्या आरंभी डच शरीरक्रियाशास्त्रज्ञ आइन्थोव्हेन यांच्या यंत्रामुळे ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विद्युत्‌ स्पंदनांचा आलेख, अचूकपणे घेता येऊ लागला आणि दोन ठोक्यांमधील काळ काटेकोरपणे मोजणे शक्य झाले.

मनाशी या मोजणीचा संबंध जोडण्याचा महत्त्वाचा प्रयत्न १९६३ मध्ये नेदरलँड्समधील काल्सबीक आणि एटेमा यांनी केला. त्यांच्या प्रयोगात माणसाला संकेत ओळखून दोनपैकी एक पर्याय निवडत राहावे लागे; कामाचा बोजा वाढत जाई, तसतशी हृदयगतीतील अनियमितता घटत जाई. हा बोजा एकाग्रतेचा होता, काळजीचा किंवा भीतीचा नव्हे, आणि पुढच्या काळात हाच भेद वारंवार पुसला गेला, असे मला वाटते.

१९८१ मध्ये अ‍ॅक्सेलरॉड आणि सहकाऱ्यांनी ठोक्यांमधील अंतराच्या या चढउतारांचे वारंवारतेनुसार, म्हणजे ते किती संथ वा जलद होतात यानुसार, पृथक्करण केले. नंतर पगानी, मलियानी प्रभृतींनी कमी आणि उच्च वारंवारतेच्या पट्ट्यांचे गुणोत्तर अनुकंपी (शरीराला सज्ज करणाऱ्या) व परानुकंपी (शरीराला शांत करणाऱ्या) चेतासंस्थांमधील समतोलाचे मोजमाप म्हणून मांडले. त्याच सुमारास, १९८७ मध्ये, क्लायगर यांनी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ८०८ रुग्णांच्या अभ्यासात दाखवले की ज्यांच्यात ठोक्यांमधील अंतराची ही परिवर्तनशीलता फारच कमी होती, त्यांना मृत्यूचा धोका कितीतरी अधिक होता. या निष्कर्षाने विषयाला वैद्यकीय प्रतिष्ठा मिळाली आणि १९९६ मध्ये युरोपीय व अमेरिकी हृदयतज्ज्ञ संघटनांनी मोजणीचे संयुक्त मानक प्रसिद्ध केले, ज्यात पाच मिनिटांची आणि चोवीस तासांची नोंद वेगळी ठेवण्यात आली.

ताणाच्या मापनात मात्र ते गुणोत्तरच अधिक रुजले, आणि वादही त्याच्याभोवतीच आहे. कमी वारंवारतेचा पट्टा (०.०४ ते ०.१५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितकी आवर्तने) केवळ अनुकंपी चेतासंस्थेचे काम दाखवत नाही, असा आक्षेप संशोधक बिलमन यांनी २०१३ मध्ये सविस्तर मांडला. शिवाय मिनिटाला नऊपेक्षा कमी श्वास घेणाऱ्याचा श्वसनजन्य चढउतार याच पट्ट्यात येऊन पडतो. त्यामुळे शांतपणे प्राणायाम करणाऱ्या माणसाचे गुणोत्तर ताण असल्यासारखे वाढलेले दिसू शकते.