अण्णांचा ट्रक आल्प्स उतरतो तेव्हा

माझे वडील, अण्णा, ३२ वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. त्यातली निम्मीअधिक वर्षं कराड–चिपळूण, म्हणजे रोजचा कुंभार्ली घाट. निवृत्तीनंतर गुडघ्यांनी दगा दिला आणि गाडी कायमची सुटली. गेल्या दिवाळीत माझ्या मुलाने त्यांना लॅपटॉपसमोर बसवलं, टेबलाला प्लॅस्टिकचं स्टिअरिंग आवळलं, खाली पेडल ठेवली आणि ‘यूरो ट्रक सिम्युलेटर २’ सुरू करून दिला. प्रागच्या एका कंपनीने २०१२ साली काढलेला हा गेम. एका शहरातून माल उचलायचा, वेळेत दुसऱ्या शहरात पोचवायचा, पैसे कमवायचे, नवे ट्रक घ्यायचे, कंपनी वाढवायची.

अण्णांनी यातलं काहीही केलं नाही. ऑटोमॅटिक गिअर पहिल्याच दिवशी बंद करायला लावले. उतार लागला की खालच्या गिअरात यायचं, इंजिन ब्रेक लावायचा आणि निवांत उतरायचं. मागून गाड्यांची रांग लागली तरी त्यांना फरक पडत नाही. मध्येच कुठेतरी ट्रक बाजूला घेऊन ते नुसते बसून राहतात. विचारलं तर म्हणतात, “इंजिन तापलं असंल.” (या गेममध्ये असं इंजिन तापत नाही. त्यांना हे सांगायची माझी हिंमत नाही.) माल रोज उशिरा पोचतो, पैसे कापले जातात आणि माझा मुलगा डोक्याला हात लावतो : “आजोबा, असं नाही खेळत हो!”

मग कसं खेळतात? हा प्रश्न दिसतो तेवढा पोरकट नाही. व्हिडिओ गेमच्या अभ्यासकांनी त्यावर बरीच डोकेफोड केली आहे.

१९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी ‘मड’ नावाचा गेम लिहिला. त्यात चित्रं नव्हती, सगळं शब्दांत. पण अनेक माणसं एकाच वेळी त्या शब्दांच्या जगात वावरू शकत. पुढे बार्टलच्या लक्षात आलं की एकाच जगात येऊन लोक वेगवेगळी कामं करतात. १९९६च्या निबंधात त्याने खेळाडूंचे चार प्रकार सांगितले : गुण आणि खजिना जमवणारे, कानाकोपरा धुंडाळणारे, गप्पा मारायला येणारे आणि दुसऱ्याला छळण्यात मजा घेणारे. हे वर्गीकरण इतकं गाजलं की त्यावरून ‘तुम्ही कोणत्या प्रकारचे खेळाडू’ छापाच्या चाचण्या निघाल्या. राशिभविष्यापेक्षा त्यांना जास्त किंमत देऊ नये असं माझं मत. २००६ मध्ये निक यी या संशोधकाने सुमारे ३,००० ऑनलाइन खेळाडूंच्या उत्तरांचं गणित मांडलं, तेव्हा या प्रेरणा एकमेकींच्या आड येत नाहीत असंच दिसलं. गुण जमवण्याची हौस असलेल्या माणसाला गप्पाही हव्या असू शकतात. अण्णांना मात्र खजिना नको, गप्पा नकोत, नवा रस्ताही नको. त्यांना घाट हवा.

या कोड्याच्या जवळ मला नेलं ते २००६ मधल्याच दुसऱ्या एका कामाने. रिचर्ड रायन, स्कॉट रिग्बी आणि अँड्र्यू प्रिझबिल्स्की यांनी विचारलं की गेम गोड का लागतो. त्यांचं उत्तर असं : आपण करतोय ते आपल्या मर्जीने करतोय, आपल्याला ते जमतंय आणि आपण कुणाशी तरी जोडलेले आहोत, या तीन भुका जिथे भागतात तिथे माणूस रमतो. स्क्रीनवरचे गुण हा ‘जमतंय’ कळण्याचा एक मार्ग झाला. अण्णांना तो लागत नाही. ४० टनांचं धूड वळणावर कुठेही न घासता निघालं, की जमलं. ते त्यांच्या हाताला कळतं.

इथे कुणीतरी ‘डोपामिन’ (आनंदाशी जोडलं जाणारं मेंदूतलं रसायन) म्हणणार, म्हणून तेही उरकतो. १९९८ साली लंडनमध्ये ८ पुरुषांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून रणगाड्याचा गेम खेळायला दिला, आणि मेंदूच्या आतल्या भागात डोपामिन स्रवल्याचं दिसलं. प्रयोग महत्त्वाचा होता. फक्त त्याचा दाखला देणारे सहसा विसरतात की त्या ८ जणांना प्रत्येक पातळी पार केल्यावर ७ पौंड मिळणार होते. अण्णांना कुणी दमडी देत नाही, उलट कापतात.

आपल्या मर्जीने खेळणं कुठवर जाऊ शकतं, याचं माझं आवडतं उदाहरण ‘माइनक्राफ्ट’ या ठोकळ्यांनी बनलेल्या जगाच्या गेममधलं आहे. या गेममधली जमीन कुणी चित्रकाराने काढलेली नसते. खेळाडू चालत जाईल तसतशी ती एका सूत्रातून तयार होते. तुम्ही कुठे आहात तो आकडा सूत्राला द्यायचा, सूत्र सांगतं इथे टेकडी, इथे पाणी. त्यासाठी संगणक आधी त्या आकड्याला एका ठरावीक संख्येने गुणतो, मग उत्तराचे दोन तुकडे करतो : पूर्णांक एकीकडे, अपूर्णांक दुसरीकडे. टेकडीचा उतार मऊ येतो तो या अपूर्णांकामुळे.

आता गंमत अशी की पूर्णांक ठेवायची जागा ३२ बिटांची, आणि त्यात २,१४,७४,८३,६४७च्या वरचा आकडा मावत नाही. जुन्या आवृत्तीत गुणायची संख्या होती १७१.१०३. भागाकार करून पाहा : जगाच्या मध्यापासून साधारण १,२५,५०,८२१ ठोकळे चालून गेलं की जागा भरते. तिथून पुढे पूर्णांक जागीच अडकतो, मीटर बंद पडलेल्या रिक्षासारखा. गाडी पुढे जातेय, आकडा हलत नाही. मग गुणाकारातून तो पूर्णांक वजा करून जो ‘अपूर्णांक’ उरतो तो अपूर्णांक राहतच नाही, भलामोठा आकडा होतो. सूत्र बिचारं तोही इमानदारीत वापरतं. परिणाम म्हणजे टेकड्यांच्या जागी आभाळाला भिडणारी, वारुळासारखी भोकाभोकांची प्रचंड भिंत. खेळाडूंनी या मुलखाला ‘फार लँड्स’ नाव दिलं. सप्टेंबर २०११च्या आवृत्तीत ही चूक दुरुस्त झाली आणि तो मुलूख नाहीसा झाला.

कर्ट जे मॅक नावाचा अमेरिकन माणूस मार्च २०११ मध्ये या भिंतीकडे पायी निघाला होता. तिथे क्षणात पोचायच्या युक्त्या उपलब्ध होत्या, त्या त्याने वापरल्या नाहीत. चूक दुरुस्त झाल्यावर त्याने गेम अद्ययावत करणंच थांबवलं, जुनी आवृत्ती जपली आणि चालत राहिला. या गेममध्ये माणूस सेकंदाला सुमारे ४.३ ठोकळे चालतो. म्हणजे अन्नपाणी, झोप, डोंगरदऱ्या काहीही मध्ये न येता सरळ चाललं तरी ८०० तासांवर वेळ. तो वर्षानुवर्षं चालला, चालताना गप्पा मारल्या, ते व्हिडिओ लोकांनी पाहिले आणि त्यातून आजारी मुलांसाठीच्या संस्थेला देणग्या गेल्या. पंढरीची वाट एसटी असूनही पायी चालणारा आपला समाज आहे, त्याला हे फार समजावून सांगायला नको.

तर प्रत्येकाचं खेळणं वेगळं. पण हे वेगळेपण नेमकं कुठे साठलेलं असतं? मला त्याचं उत्तर एका जुन्या फायलीत सापडलं.

१९९३ सालच्या ‘डूम’ या राक्षस मारायच्या गेममध्ये आपला खेळ नोंदवून ठेवायची सोय होती. त्या काळच्या संगणकांवर व्हिडिओ साठवणं आवाक्याबाहेरचं. म्हणून त्या नोंदीत चित्र नाही, आवाज नाही, राक्षस कुठून आला तेही नाही. गेम सेकंदाला ३५ वेळा जगाची स्थिती पुढे सरकवत असे, आणि प्रत्येक वेळी फक्त ४ बाइट लिहून ठेवी : पुढे किंवा मागे किती, बाजूला किती, वळला किती, कोणतं बटण दाबलं. सेकंदाला १४० बाइट. दहा मिनिटांचा खेळ ८४,००० बाइटांत बसतो. सकाळी येणारं ‘शुभ प्रभात’चं फूल याहून जड असतं.

ही फाइल मित्राकडे गेली की त्याच्या संगणकावरचा गेम नव्याने सुरू होई आणि त्याच बटणांनी स्वतःला खेळवून घेई. राक्षस त्याच वेळी, त्याच कोपऱ्यातून येत. हे जमायचं कारण असं की ‘डूम’मधला योगायोगही ठरलेला होता. २५६ आकड्यांची एक यादी, खेळ सुरू झाला की पहिल्यापासून वाचायची. राक्षसाचा नेम चुकणार की लागणार, हे त्या यादीतला पुढचा आकडा ठरवी. दोन्हीकडे यादी तीच, गणित तेच; त्यामुळे बटणं तीच असतील तर सगळा प्रसंग तसाच उभा राही. गेमची आवृत्ती वेगळी असली तर मात्र फजिती : आपला शूर गडी भलत्याच दिशेला वळून भिंतीवर गोळ्या झाडत बसे.

गाण्याचं ध्वनिमुद्रण आणि स्वरलिपी यांत जो फरक, तोच इथे. व्हिडिओ म्हणजे ध्वनिमुद्रण. ‘डूम’ची फाइल म्हणजे वहीत उतरवलेले तबल्याचे बोल, वाजवणारं यंत्र समोर हवं. आणि त्या वहीत काय उरलं पाहा. जग, राक्षस, नशीब, हे सगळं सगळ्यांचं सारखंच, म्हणून ते लिहायची गरजच पडली नाही. लिहावी लागली ती फक्त खेळणाऱ्याची बोटं. अण्णांची अशी फाइल काढली तर तीत बहुतेक शून्यंच सापडतील, ट्रक बाजूला लावून बसल्याची.

आता साठवण स्वस्त झाली आणि पद्धत बदलली. २०१३ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ४ या गेम खेळायच्या यंत्राच्या हातातल्या कंट्रोलरवर ‘शेअर’ असं बटणच होतं. भारी काही घडून गेल्यावर ते दाबायचं, आणि घडून गेलेलं हाती येई, कारण यंत्र सतत शेवटची १५ मिनिटं गुपचूप नोंदवत असे. हे चालतं रहाटगाडग्यासारखं. चाकावर ठरावीक गाडगी, एक भरत वर येतं तेव्हा सगळ्यात जुनं रिकामं होऊन खाली जातं. विहीर कितीही खोल असो, चाकावर पाणी तेवढंच. बटण दाबलं की चाक थांबवून गाडगी उतरवून घ्यायची, इतकंच.

पण उतरवून घेतलेलं कुणाला तरी दाखवल्याशिवाय जीव राहत नाही, हेही खरं. मानसशास्त्रज्ञ शेली गेबल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये यावर लिहिलं. चांगली गोष्ट घडली आणि ती कुणाला सांगितली, तर घटनेच्या आनंदावर सांगण्याचा आनंद वेगळा चढतो. मात्र ऐकणारा कसा ऐकतो यावर पुढचं बरंच ठरतं. “अरे वा, मग काय झालं?” म्हणणारा आनंद वाढवतो. मोबाइलमधून मान न काढता “छान” म्हणणारा, शब्द चांगला असूनही, काही देत नाही. हे वाचताना मला थोडं ओशाळायला झालं. अण्णा पहिल्यांदा आल्प्स उतरले त्या रात्री ते मला उठवायला आले होते, आणि मी “छान” म्हणून कूस बदलली होती.

त्यांनी मग सकाळी त्यांच्या जुन्या कंडक्टरला फोन लावला. एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात. हे मास्तर आता सांगोल्याकडे लेकाकडे असतात. फोन स्पीकरवर होता, कारण अण्णांना तसाच जमतो.

“मास्तर, काल रात्री इन्सब्रुकच्या बाजूला होतो. पाऊस. आपल्या कुंभार्लीगत.”

“धुकं होतं का?”

“थोडं. वायपर लावून उतरलो. पण तिथलं घड्याळ लई पळतं.”

हे अण्णांचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. त्या गेममध्ये युरोप १९ पटींनी आक्रसलेला आहे, आणि हिशेब जुळावा म्हणून शहराबाहेर वेळही तितक्याच पटीने धावते. आपले तीन मिनिटं गेले की तिथला जवळजवळ एक तास सरतो. मला हे वाचून कळलं. अण्णांना स्टिअरिंगवर बसून.

“ब्रेक गरम झालं न्हाई ना?”

“ब्रेकला पायच लावला नाही. गिअरवर आणली.”

“माल पोचला?”

“पोचला. तीन तास उशीर.”

मास्तर थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “अण्णा, डबल बेल कुणी दिली मग?”

अण्णा हसले. “कुणी नाही. म्हणूनच तर उशीर झाला.”