प्रोग्राम हाती दिल्यानंतर : सॉफ्टवेअरच्या देखभालीमागची पार्श्वभूमी

पणजीतील हॉटेलचे बिल, म्हापशातील घाऊक दुकानाचा साठा किंवा जमिनीचा एक-चौदाचा उतारा आज संगणकावरून निघतो, तेव्हा त्यामागचा प्रोग्राम कोणी व कधी लिहिला हे कोणी विचारत नाही. तो बदलायची वेळ आली की मात्र पहिला प्रश्न हाच असतो, आणि त्याचे उत्तर देऊ शकणारा माणूस बहुधा तोपर्यंत नोकरी सोडून गेलेला असतो. गेली पस्तीस वर्षे मी गोव्यात याच कामावर पोट भरतो आहे आणि नवे लिहिण्यापेक्षा दुसऱ्याचे लिहिलेले समजून घेण्यातच माझा अधिक काळ गेला आहे. ही अडचण जुनी आहे. या व्यवसायाने स्वतःला जे नाव घेतले, त्या नावातच तिचे थोडे मूळ आहे.

ऑक्टोबर १९६८ मध्ये नाटोच्या विज्ञान समितीच्या पुढाकाराने पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे एक परिषद भरली. मोठे प्रोग्राम ठरल्या मुदतीत व ठरल्या खर्चात पुरे होत नाहीत, ही त्या वेळची मुख्य तक्रार होती. परिषदेसाठी 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हे नाव जाणूनबुजून, थोडे डिवचण्यासाठीच निवडले होते : पूल-इमारती बांधणाऱ्यांची शिस्त या कामाला का नसावी, असा त्यामागचा सवाल होता. सवाल रास्तच होता, पण पूल एकदा बांधला की काम संपते, असा एक समजही त्याबरोबर रुजला. जुलै १९८६ मध्ये मांडवीवरचा पूल कोसळल्यावर ज्यांनी पणजी गाठण्यासाठी फेरीबोटीच्या रांगेत ताटकळत दिवस काढले, त्यांना तो समज पुलांच्या बाबतीतही पटणार नाही.

पुढच्या घोटाळ्याचे कारण एक आकृती ठरली. १९७० मध्ये विन्स्टन रॉइस या अमेरिकी सॉफ्टवेअर-तज्ज्ञांनी एका निबंधात गरजांची नोंद, आराखडा, लेखन, चाचणी आणि वापर असे टप्पे जिन्याच्या पायऱ्यांसारखे काढून दाखवले. त्या आकृतीच्या लगोलग त्यांनी असेही लिहिले होते की, चाचणीचा टप्पा शेवटी ठेवणारी ही रीत धोक्याची असून अपयशाला आमंत्रण देणारी आहे; एवढेच नव्हे तर नव्या प्रकारचे काम असेल तर ते दोनदा करावे, असा सल्लाही त्यांनी दिला होता. वाचणाऱ्यांनी आकृती उचलली आणि इशारा मागे ठेवला. पुढे या रीतीला 'वॉटरफॉल' हे नाव पडले, जे रॉइस यांनी त्या निबंधात वापरलेलेच नव्हते. माझ्या हाताखालून गेलेल्या निविदांमध्ये याच पायऱ्यांवर हप्ते पाडलेले असत, आणि प्रोग्राम हाती दिल्यानंतरच्या कामासाठी फार तर एका वर्षाची तरतूद असे. एका कागदाचे अर्धवट वाचन इतकी वर्षे टिकावे, याचे मला आजही नवल वाटते.

वास्तविक १९७० च्या दशकातच संगणकशास्त्रज्ञ मेअर लेहमन यांनी उलट निरीक्षण मांडले होते : वापरात असलेला प्रोग्राम सतत बदलत राहिला नाही तर तो दिवसेंदिवस कमी उपयोगाचा होत जातो, कारण त्याच्याभोवतीचे जग बदलत असते. गोव्यात याचा पडताळा बिलाच्या साध्या प्रोग्रामवरही येतो. विक्रीकर गेला, १ एप्रिल २००५ पासून व्हॅट आला, १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. त्याआधी १९८७ मध्ये गोवा घटक राज्य होऊन दमण व दीव वेगळे झाले, तेव्हा कागदांचे मथळेदेखील बदलावे लागले होते.

सर्वांत कठीण देखभाल मात्र देवनागरीची ठरली. १९९१ मध्ये 'इस्की' ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली भारतीय मानक म्हणून मान्य झाली, त्याच वर्षी युनिकोडची, म्हणजे जगातल्या सर्व लिप्यांसाठीच्या एकाच संकेतप्रणालीची, पहिली आवृत्ती आली. तरीही मी पाहिलेल्या बहुतेक कार्यालयांत पुढे कित्येक वर्षे मराठी मजकूर फाँटमधल्या आकारांच्या क्रमाने साठवला जात होता. कागदावर ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, म्हणून अशा साठवणीतही ती आधी येई. एका कार्यालयाच्या जुन्या प्रोग्राममध्ये मला दहा-बारा विचित्र ओळी आढळल्या, ज्या काही चिन्हांची जागा उगाचच पुढे-मागे करत होत्या. कारण कोठेही लिहिलेले नव्हते. त्या निरुपयोगी आहेत असे समजून मी त्या काढल्या, आणि दुसऱ्या दिवशी गावांच्या अकारविल्हे यादीत डिचोली, पिळर्ण, शिरोडा आणि शिवोली एकाच घोळक्यात जाऊन बसली. यादी वेलांटीवरून लागत होती. त्या ओळी लिहिणाऱ्याला हे ठाऊक होते. एक वाक्य लिहून ठेवले असते तर मलाही कळले असते. युनिकोडमध्ये वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते आणि दाखवतानाच आधी काढली जाते, त्यामुळे हा विशिष्ट त्रास आता उरलेला नाही.

कारणे जपण्याची साधने तशी जुनीच आहेत. प्रोग्राममधल्या बदलांची नोंद ठेवणारी एससीसीएस ही प्रणाली अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत १९७२ मध्ये तयार झाली. आमच्याकडे मात्र त्या काळानंतरही पुष्कळ वर्षे 'अंतिम' आणि 'अंतिम-२' अशा नावांच्या फ्लॉपीच होत्या, ज्यांवर पावसाळ्यात बुरशी चढे. २००५ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी बदलांची नोंद ठेवणारेच गिट हे साधन तयार केले, आणि पुढे ते इथल्या दोन-तीन माणसांच्या कार्यालयांतही पोचले. दरम्यान २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील युटा राज्यात सतरा जणांनी अजाइलचा, म्हणजे थोडे थोडे करून बदलत जाण्याच्या कामाच्या रीतीचा, जाहीरनामा काढला होता. बदलाला विरोध न करता त्याचे स्वागत करावे, हे त्यातले तत्त्व मला मान्य आहे. पण कागदपत्रांपेक्षा चालता प्रोग्राम अधिक मोलाचा, या त्यातल्या वाक्याचा आधार घेऊन अनेकांनी काहीही न लिहिण्याची सोय करून घेतली. पुन्हा अर्धवट वाचन.

वर्षाचे शेवटचे दोनच आकडे साठवल्यामुळे २००० साल १९०० समजले जाण्याचा प्रश्न जगाने वेळेत आवरला. तसाच आणखी एक प्रश्न शिल्लक आहे : अनेक जुन्या प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद बत्तीस बिटांच्या (शून्य-एकच्या बत्तीस जागांच्या) चिन्हांकित, म्हणजे अधिक-उणे दोन्ही धरणाऱ्या, संख्येत मोजतात, आणि ती संख्या भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरेल. त्या दिवशी मंगळवार आहे आणि कार्यालये तेव्हा उघडलेली नसतील. माझे दोन प्रोग्राम अजून त्या मोजणीवर चालतात. कोणत्या ओळीत आणि का, हे मी या वर्षी लिहून ठेवले आहे.